कानसेन आणि टकटक

"यंत्र खोटं बोलत नाही. ऐकणारा कान पाहिजे, बस्स," असं म्हणून कानसेनांनी लांब स्क्रूड्रायव्हर उचलला आणि ते आतल्या खोलीत बायकोच्या कॉम्प्युटरकडे निघाले. लढाईवर निघालेला माणूसही दारातून एकदा मागे वळून बघतो. यांनी तेही केलं नाही.

कानसेन हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव त्यांच्या गॅरेजच्या पाटीवर आहे, पण त्या पाटीला ग्रीसचे हात इतक्या वेळा लागलेत की आता ते कुणाला वाचता येत नाही. गाडी गॅरेजात शिरण्याआधीच तिला काय झालंय हे सांगणारा माणूस, म्हणून कानसेन. दूरची गिऱ्हाइकं चालू इंजिनाजवळ फोन धरत आणि हे इकडून सांगत, "पट्टा गेलाय. हळूहळू चालवत आणा." हल्ली फोनवर ते गाडी जरा जास्तच रेस करायला लावत हे खरं. समोर आलेल्या इंजिनावरही स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाच्या हाडाशी दाबून धरत, डॉक्टर नळी लावतात तसं. पण मुरलेल्या कारागिराची ही एक लकब, असं सगळेच धरून चालले होते. कानसेन तर सगळ्यात जास्त.

आता बायकोच्या कॉम्प्युटरविषयी. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही अशा लोकांसाठी गावात एक बोलकं वाचनालय होतं. तिथल्या बाईंनी, ज्या स्वतः अंध होत्या आणि ज्यांनी भल्याभल्यांचे आवाज नापास करून परत पाठवले होते, कानसेनांच्या बायकोला एक पुस्तक वाचायला दिलं होतं. बोटीच्या एका म्हाताऱ्या कप्तानाची ही भली थोरली कादंबरी. हे वाचन पसंत पडलं तर कायमचं काम मिळणार होतं. सगळा हिवाळा बायको खिडकीवर गोधडी टांगून, माइकसमोर बसून कादंबरी वाचत होती. कप्तान आता शेवटच्या प्रकरणात येऊन मेला होता. सगळं रेकॉर्डिंग त्या एका कॉम्प्युटरमध्ये होतं. दुसरीकडे उतरवून ठेवलं नव्हतं, कारण पूर्ण झालं की एकदमच उतरवू असा तिचा विचार होता. आणि रविवारी ते पोचतं करायचं होतं.

तर कप्तान मेला, आणि त्याच्या मागोमाग कॉम्प्युटरनंही मान टाकायला सुरुवात केली. चालता चालता पडदा गोठायचा, मग निळा व्हायचा, मग आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. कधी कधी तर सुरू झाल्यावर आपण कॉम्प्युटर आहोत हेच त्याला आठवायचं नाही. काळ्या पडद्यावर एक रेघ लुकलुकत राहायची.

"बंद पडायच्या आधी आतून टकटक येते," बायको म्हणाली.

"कसली टकटक?"

"अहो, टक्, टक्. मग थोडं थांबून पुन्हा टक्."

कानसेनांनी कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावला. त्यांना काही ऐकू आलं नाही. म्हणजे टकटक नव्हतीच. त्यांनी डब्याची बाजू उघडली, आत काय काय फिरतंय ते पाहिलं, फिरणाऱ्या पंख्यापाशी स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले.

"बेअरिंग," ते म्हणाले. "सुकलंय बिचारं."

पंख्याला तेलाचा थेंब मिळाला. हे करेपर्यंत कॉम्प्युटर बराच वेळ बंद होता. सुरू केला तर छान चालला! कानसेन हात पुसत बाहेर आले, आईशेजारी बसले आणि यंत्रजातीविषयी दोन शब्द बोलू लागले. दुसरा शब्द संपायच्या आत आतून बायकोची हाक आली.

मग त्यांनी आतल्या सगळ्या वायरी काढून पुन्हा बसवल्या. पुन्हा छान चालला, पुन्हा बंद पडला. मग कॉम्प्युटरच्या दुकानदाराला फोन झाला. तो घाईत होता. "मेमरीच्या पट्ट्या काढा, खोडरबरनं पुसा, परत लावा," म्हणाला. कानसेनांनी खोडरबर शोधून पट्ट्या पुसल्या. चालला. बंद पडला. मग त्यांच्या आईनं, म्हणजे माईंनी, खुर्चीतल्या खुर्चीत विणता विणता सुचवलं की टेबलाचं तोंड दाराकडे आहे ते भिंतीकडे करून बघा. कानसेन हसले, पण इलाज नव्हता म्हणून वायरी सोडून टेबल फिरवलं. त्यानंतर तर तो सगळ्यात जास्त वेळ चालला.

आता मात्र कानसेनांचं डोकं चालेना. गाडीचं कसं असतं, प्लग गेला तर पट्टा बदलून ती सुरू होत नाही. इथं काहीही करा, बरं वाटायचं. तेल द्या, बरं. पुसा, बरं. तोंड फिरवा, बरं. आणि काहीही केलं तरी थोड्या वेळानं तेच. असा रोगी त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

"त्या खालच्या चपट्या डबीचं काय?" बायकोनं विचारलं. "टकटक तिथून येते असं वाटतं. सगळं रेकॉर्डिंग तिच्यातच असतं म्हणे."

कानसेनांनी त्या डबीकडे पाहिलं. चारी बाजूंनी बंद, गुळगुळीत, ना पट्टा ना पंखा.

"तिथं काय वाजणार? काही फिरतंय का तिथं?" ते म्हणाले. जे फिरताना दिसत नाही ते बिघडतं यावर त्यांचा विश्वास नव्हता.

"अहो, पण आवाज येतोय."

"मला येत नाहीये ना. मला नाही म्हणजे..." इथे ते थांबले. बायको इतकी वर्षं उगाच काही बोलणारी नव्हती. ती म्हणते तर आवाज असणार. आपल्याला येत नाही याचा अर्थ एकच. घरात गोंगाट फार आहे.

इथून पुढे जे झालं ते या एका निष्कर्षावरून झालं, हे ध्यानात ठेवा.

त्यांनी आधी पंखे बंद केले. मग फ्रीज. मग भिंतीवरचं घड्याळ उतरवून गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवलं. तरी टकटक येईना. मग त्यांची नजर माईंच्या सुयांवर गेली.

"आई, तू जरा गॅलरीत बस."

"का रे?"

"तुझ्या सुया वाजतात."

"माझ्या सुया वाजतात आणि मला गॅलरीत बसायचं?"

"थोडा वेळ."

माई लोकर आणि सुया घेऊन, पण तेवढंच घेऊन, गॅलरीत गेल्या. चष्म्याचं घर, शाल आणि अर्धवट प्यालेला पाण्याचा पेला खुर्चीपाशीच राहिला. हवा येते म्हणून आवाज येतो, या हिशेबानं कानसेनांनी गॅलरीचं काचेचं दार लावून घेतलं आणि पडदाही ओढला. त्या दाराला आत कडी आहे आणि ती आपोआप पडते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या क्षणी कुणाला आठवलं नाही.

आता घरात सामसूम झाली. कानसेन कान लावून बसले. काही नाही. म्हणजे गोंगाट घरातला नसून इमारतीतला होता. ते उठले आणि खाली गेले.

तळमजल्यावर टेलरकाकांचं शिलाई मशीन धडधडत होतं. टेलरकाका म्हणजे इमारतीचं वर्तमानपत्र. कपडे शिवत ते फावल्या वेळात.

"काका, जरा मशीन बंद ठेवाल का?" कानसेन हळू आवाजात म्हणाले. "घरात शांतता हवी आहे. आतमध्ये... जरा कठीण आहे."

टेलरकाकांचा पाय मशीनवरून आपोआप उचलला गेला. "फार कठीण?"

"सकाळपासून सगळे उपाय केले. थोडा वेळ बरं वाटतं, मग परत तेच. बायको तर रडायलाच आलीय."

कानसेनांनी यात एक अक्षरही खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनी वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंचं वॉशिंग मशीन बंद करवलं, जिन्यात उड्या मारणाऱ्या पोरांना घरी पाठवलं, आणि लिफ्टचं दार अर्धवट उघडं ठेवून लिफ्टही अडकवून टाकली. प्रत्येक दारात तेच चार शब्द आणि तोच पडलेला चेहरा. दार लागलं की त्यामागे कुजबुज सुरू होई, पण ती अर्थातच कानसेनांच्या कानावर आली नाही. माईंना मागच्या आठवड्यात ताप येऊन गेला होता, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं.

ते घरी येऊन पुन्हा आतल्या खोलीकडे वळले न वळले तोच दार हळूच लोटून टेलरकाका आत आले. त्यांनी चपला बाहेर काढल्या होत्या. त्यांच्यामागून नर्सबाई आल्या. मग समोरचे, मग शेजारचे, मग ज्यांचा मजला कुणाला नक्की माहीत नाही असे दोघे. सगळे माना खाली घालून, भिंतीला पाठ लावून बसले. सगळ्यांच्या नजरा माईंच्या रिकाम्या खुर्चीवर, शालीवर आणि अर्ध्या पेल्यावर गेल्या. नर्सबाईंनी पदर डोळ्याला लावला. बायको डोळे पुसत आतून बाहेर आली आणि एवढी माणसं बघून तिथंच थबकली.

कानसेनांना भरून आलं. एका कॉम्प्युटरसाठी सगळी इमारत जमली! माणुसकी अजून शिल्लक आहे, असं त्यांना मनापासून वाटलं. त्यांनी सगळ्यांना हात जोडले. ते बघून टेलरकाकांना हुंदका आवरेना.

आणि त्या शांततेत मंडळींना ऐकू आलं. टक्. टक्. टक्.

आवाज पडद्यामागून येत होता. नर्सबाईंनी शेजारणीचा हात घट्ट धरला. टेलरकाका उठून उभे राहिले आणि उगाच परत खाली बसले. शेवटी समोरच्यांनी धीर करून पडदा सरकवला. काचेपलीकडे माई उभ्या होत्या. केस वाऱ्यानं उडालेले, ओठ थंडीनं निळसर, आणि सुईनं काचेवर टक् टक् करताहेत.

पुढचा प्रकार थोडक्यात सांगतो, कारण टेलरकाकांनी तो कुणाला सांगू नये अशी विनंती केली आहे. ते सोफ्यामागे सापडले. नर्सबाईंनी मात्र धंद्याला जागून माईंची आधी नाडी बघितली.

"मी कशाला मरतेय?" माई शाल गुंडाळत म्हणाल्या. "काच वाजवून हात दुखले माझे. एक माणूस ऐकेल तर शपथ."

कानसेनांचा चेहरा मात्र उजळला. "बघा! टकटक ही होती. आईच्या सुईची. कॉम्प्युटरला काही झालेलंच नाही." आणि त्यांनी बायकोकडे विजयानं पाहिलं. टकटक दोन दिवसांची होती आणि माई गॅलरीत अर्ध्या तासाच्या होत्या, हा फरक त्यांना सुचला नाही.

बायकोनं कॉम्प्युटर सुरू केला. एव्हाना सगळी मंडळी आतल्या खोलीत शिरली होती. आता माई जिवंत आहेत म्हटल्यावर नेमकं कोण गेलं, हे कळल्याशिवाय कुणी घरी जाणार नव्हतं. बायकोनं शेवटचं प्रकरण उघडलं. पडदा गोठला.

टक्. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्.

"आला," नर्सबाई म्हणाल्या.

"खालून येतोय," टेलरकाका म्हणाले. त्यांना आपली अब्रू परत मिळवायची होती. "त्या चपट्या डबीतून. सुई कापडातली जागा चुकून पट्टीवर आपटते ना, मागे येते, पुन्हा जाते, पुन्हा आपटते, हुबेहूब तसा."

"मलाही येतोय," माई म्हणाल्या.

भिंतीला टेकलेल्या प्रत्येकाला येत होता. कानसेन डबीपासून वीतभर अंतरावर होते. ते एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले.

"काय येतोय?" त्यांनी विचारलं.

खोलीत आता खरी शांतता झाली. माई मुलाच्या पाठीमागून हळूच म्हणाल्या, "तुला ऐकू येत नाही का रे?" कानसेन वळलेदेखील नाहीत.

तेव्हा बायकोनं त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक त्या बंद डबीवर अलगद टेकवलं, आणि मूठ त्यांच्या कानामागच्या हाडावर दाबली.

कानसेनांचे डोळे मोठे झाले.

"फिरतंय," ते पुटपुटले. "आत काहीतरी फिरतंय गं. आणि ठेचकाळतंय."

दुकानदाराला पुन्हा फोन लागला. या वेळी बायकोनं फोन डबीजवळ धरला. पलीकडून दोनच सेकंदांत आवाज आला, "बंद करा. आधी बंद करा. डिस्क मरायला टेकलीय." आतमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावरून एक बारीक काटा सरकतो, त्याला जागा सापडत नाहीये, म्हणून तो धडका देतोय, असं त्यानं सांगितलं. मग तेल दिल्यावर का चालला? पट्ट्या पुसल्यावर का चालला? "तेवढा वेळ बंद होता ना, म्हणून डिस्क थंड झाली," तो म्हणाला. "आणि बरी झाली समजून तुम्ही तिला पुन्हा पुन्हा पळवलीत."

कुणीतरी जातंय एवढं मंडळींचं खरं ठरलं होतं. त्यामुळे कुणाचा फारसा विरस झाला नाही. दुकानदार येऊन डिस्क कापडात गुंडाळून घेऊन गेला आणि एकेक जण चपला घालून पांगला. टेलरकाका जाता जाता माईंना म्हणाले, "काळजी घ्या." माईंनी दार लावून घेतलं.

मग ते दोघंच आतल्या खोलीत राहिले. उघडा डबा मध्ये होता.

"म्हणजे इतकी वर्षं," बायको म्हणाली, आणि मग तिनं तेच त्यांच्यासमोर येऊन, जरा मोठ्यानं म्हटलं. "म्हणजे इतकी वर्षं मी काही सांगितलं की तुम्ही नुसते पुढे निघून जायचात. मला वाटायचं तुम्हाला ऐकायचंच नसतं. फार वाईट वाटायचं मला."

कानसेन स्क्रूड्रायव्हरशी चाळा करत राहिले. आयुष्यभर इंजिनांना कान दिले, आणि इंजिनांनी ते ठेवून घेतले.

"मला वाटायचं, तू पुटपुटतेस," ते म्हणाले. "चूक माझी. पण खरंच वाटायचं."

तिला हसूही आलं आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा फोन आला. डिस्क पुन्हा थंड करून, एकदाच शेवटची चालवून त्यानं होतं तेवढं नव्या डिस्कवर उतरवलं होतं. सगळी कादंबरी सुखरूप होती. फक्त शेवटचं प्रकरण त्या खराब जागेवर होतं, त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. बिचाऱ्या कप्तानाला पुन्हा मरावं लागणार होतं, तेही रविवारच्या आत.

बायको माइकसमोर बसली. खिडकीवर गोधडी गेली. पंखे, फ्रीज बंद झाले, माई या वेळी आपणहून शेजारी गेल्या, आणि कानसेनांनी विचारलं, "मी बसलो तर चालेल?" हिवाळाभर त्यांनी हे विचारलं नव्हतं. ते टेबलाशी बसले, स्क्रूड्रायव्हरचं टोक लाकडावर टेकवलं आणि मूठ हाडाशी धरली. बायकोची कोपरं टेबलावर होती. तिचा आवाज लाकडातून, लोखंडातून त्यांच्यापर्यंत यायला लागला. इतका चांगला आवाज आपल्या घरात होता, या विचारानं त्यांना आपली लाज वाटली, आणि बरंही वाटलं. कप्तानाच्या बोटीत ते असे गुंतले की डोळ्यांतून पाणी कधी आलं ते कळलं नाही. बायकोही वाचनात इतकी बुडाली होती की तिला आजूबाजूचं भान नव्हतं, आणि प्रकरण एका दमात पूर्ण झालं. पुन्हा ऐकून बघायला वेळ नव्हता. तसंच ते वाचनालयात गेलं.

आठवड्यानं बाईंचा फोन आला. बायकोनं स्पीकर लावला.

"वाचन उत्तम," बाई म्हणाल्या. "पुढचं पुस्तक पाठवतेय. कायमचंच समजा. फक्त एक विचारायचं होतं. शेवटी कप्तान एकटाच मरतो ना?"

"हो, एकटाच."

"मग तो अगदी हलक्या आवाजात शेवटचे शब्द सांगत असताना, एक पुरुष मध्येच 'अगं, जरा मोठ्यानं!' असं ओरडतो, तो कोण?"

बायकोनं नवऱ्याकडे बघितलं. नवरा खिडकीबाहेर बघत होता.

"काढून टाकते, बाई."

"नको, नको. आमच्या मंडळींना तो माणूस फार आवडलाय. पुढच्या पुस्तकात आहे का, विचारताहेत."

"काय म्हणाल्या?" कानसेनांनी विचारलं.

बायकोनं टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला, टोक फोनवर टेकवलं, मूठ त्यांच्या कानामागे धरली आणि म्हणाली, "बाई, पुन्हा एकदा सांगाल का? आणि जरा मोठ्यानं."